कारणे दाखवा : इंग्रजीतून कारण सांगण्याच्या काही रीती

वसंतातल्या या व्याख्यानमालेत वेदान्तापासून अर्थशास्त्रापर्यंत सर्व विषयांवर अधिकारी माणसे बोलून गेली आहेत. अशा ठिकाणी युनियनच्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसाने इंग्रजी वाक्यरचनेवर बोलायला उभे राहावे, याचे पुष्कळांना नवल वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे इंग्रजी आम्ही दोन ठिकाणी शिकलो. एक, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेत. आणि दुसरे, कारखान्याच्या सूचनाफलकावर. पाठमालेतली चूक गुरुजी दुरुस्त करतात. सूचनाफलकाच्या इंग्रजीत चूक झाली तर ती माणसाच्या पोटावर येते. म्हणून हा विषय आम्ही घेतला आहे.

कामगाराच्या हाती इंग्रजीचा पहिला कागद बहुधा नेमणुकीचा पडतो आणि दुसरा ‘शो-कॉज’ नोटिशीचा. या दुसऱ्या कागदाला मराठीत आपण ‘कारणे दाखवा नोटीस’ म्हणतो. नाव मोठे मार्मिक आहे. कागद म्हणतो, कारण दाखव; आणि बिचारा माणूस घाईघाईने कारण दाखवून मोकळा होतो. कारण सांगणे म्हणजे नेमके काय करणे, याचा विचार त्याने केलेला नसतो. आम्हीही एके काळी केला नव्हता. त्याची हकीगत आधी सांगतो.

तीस वर्षांमागची गोष्ट. एका कारखान्यात आमचा एक सोबती रात्रपाळीला होता. पहाटे तीन वाजता तो मशीन सोडून गेला होता, असा आरोप त्याच्यावर आला. त्याचे म्हणणे साधे होते. “मी मशीन सोडून गेलोच नाही. थकलो होतो, म्हणून मागच्या खोक्यावर टेकलो. तिथून मशीन दिसत होती.” उत्तर इंग्रजीतून हवे होते आणि दोन दिवसांत हवे होते. युनियनमध्ये इंग्रजी लिहिणारे आम्ही एकटे. आम्ही त्याचे म्हणणे एका वाक्यात बसवले, आणि वाक्य आटोपशीर झाले म्हणून मनातून खूषही झालो. वाक्य असे होते : ‘आय डिड नॉट लीव्ह द मशीन बिकॉज आय वॉज टायर्ड.’

चौकशी अधिकाऱ्याने आपल्या अहवालात या वाक्याचा अर्थ असा लावला : कामगार मशीन सोडून गेल्याचे स्वतःच मान्य करतो, फक्त थकव्यामुळे गेलो नाही, एवढेच त्याचे म्हणणे आहे. आम्ही हादरलो. वाक्य पुन्हा पुन्हा वाचले, आणि ध्यानात आले की अधिकाऱ्याने लावलेला अर्थही त्या वाक्यातून निघतो. सोबत्याची नोकरी गेली. ती या एकाच वाक्याने गेली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण कबुली हाती आल्यावर बाकीचा पुरावा कोणी नीट पाहिला नाही, हे खरे. चार वर्षांनी तडजोड झाली. थोडे पैसे मिळाले, नोकरी मिळाली नाही. पुढे तो भाजीची गाडी लावू लागला. त्याने आम्हाला कधी बोल लावला नाही. त्या दिवसापासून मात्र इंग्रजीत कारण सांगणारे वाक्य लिहिताना आमचा हात थांबतो.

आता त्या वाक्यात झाले काय ते पाहू. कारण सांगणाऱ्या प्रत्येक वाक्याचे दोन भाग असतात. एक भाग घडलेल्या गोष्टीचा, दुसरा तिच्या कारणाचा. ‘बस बंद पडली म्हणून उशीर झाला’ यात उशीर ही घडलेली गोष्ट, बस बंद पडणे हे कारण. जो कारण सांगतो तो घडलेली गोष्ट आधीच मान्य करून बसतो. ‘मला उशीर का झाला’ हे सांगू लागलो, की उशीर झाला यावर वाद उरत नाही. हा पहिला नियम. तो इंग्रजीचा नव्हे, कोणत्याही भाषेचा आहे.

आमच्या वाक्यात त्यात ‘नॉट’ची भर पडली. हा नकार कशाला लागतो? मशीन सोडण्याला, की थकव्याच्या कारणाला? मशीन सोडण्याला लागला तर अर्थ होतो : सोडली नाही. कारणाला लागला तर अर्थ होतो : सोडली, पण थकव्यामुळे नव्हे. तोंडाने बोलताना आवाजाच्या चढउतारावरून ऐकणाऱ्याला उमगते. कागदाला आवाज नसतो. आपल्या मराठीतही हा घोटाळा आहेच. ‘मी भ्यालो म्हणून बोललो नाही’ हे वाक्य बोलून पाहा. भीतीने गप्प बसलो, हाही अर्थ होतो. आणि बोललो खरा पण भीतीपोटी नव्हे, हाही अर्थ आवाज बदलून काढता येतो.

यावर उपाय दोन. पहिला उपाय म्हणजे वाक्य तोडून दोन करणे. ‘आय डिड नॉट लीव्ह द मशीन.’ येथे पूर्णविराम. मग पुढचे वाक्य : ‘आय वॉज टायर्ड, सो आय सॅट डाऊन निअर इट.’ मी मशीन सोडली नाही. मी थकलो होतो, म्हणून तिच्याजवळ बसलो. दुसरा उपाय, ‘बिकॉज’चा भाग वाक्याच्या आरंभी नेणे. ‘बिकॉज आय वॉज टायर्ड, आय डिड नॉट लीव्ह’ असे लिहिले की नकार फक्त सोडण्याला लागतो. पण आम्ही पहिलाच उपाय सुचवतो. पूर्णविरामासारखा स्वस्त वकील दुसरा नाही.

याच्या जोडीला ‘व्हाय’चा प्रश्न ध्यानात ठेवावा. उलटतपासणीत विचारतात, ‘व्हाय डिड यू पुश द सुपरवायझर?’ तू सुपरवायझरला का ढकललेस? हा प्रश्न कारण विचारतो असे दिसते. प्रत्यक्षात ढकलल्याची गोष्ट तो परस्पर धरून चालतो. याचे उत्तर ‘बिकॉज’ने सुरू झाले की संपले. ढकललेच नसेल तर आधी ‘आय डिड नॉट पुश हिम’ एवढेच म्हणावे आणि थांबावे. जी गोष्ट घडलीच नाही तिचे कारण सांगण्याची जबाबदारी कोणावर नसते.

आता एकेक रीत घेऊ. पहिली जोडी ‘बिकॉज’ आणि ‘बिकॉज ऑफ’ यांची. ‘बिकॉज’पुढे पुरे वाक्य येते, त्यात कर्ता असतो, क्रियापद असते. ‘बिकॉज द बस ब्रोक डाऊन.’ ‘बिकॉज ऑफ’पुढे नुसते नाम येते. ‘बिकॉज ऑफ द रेन.’ मराठीत याला समांतर जोडी आहे. क्रियापदानंतर ‘म्हणून’ येते : पाऊस पडला म्हणून. नामाला ‘मुळे’ लागते : पावसामुळे. मग आपली माणसे ‘बिकॉज ऑफ द बस वॉज लेट’ असे का लिहितात? कारण मराठीला एक तिसरी सोय आहे. ‘पडल्यामुळे’, ‘आल्यामुळे’ असे म्हणून आपण क्रियापदालाच ‘मुळे’ जोडतो. ती सवय इंग्रजीत जाते. ‘मुळे’ मनात आले की ‘ऑफ’ लिहिला जातो. म्हणून लिहिण्याआधी पाहावे : पुढे क्रियापद आहे का? असेल तर ‘ऑफ’ खोडावा.

दुसरी सवय जोडशब्दांची. मराठीत ‘जरी’ला ‘तरी’ लागतो, ‘ज्याअर्थी’ला ‘त्याअर्थी’. तीच चाल आपण इंग्रजीत नेतो आणि ‘बिकॉज आय वॉज इल, देअरफोर आय वॉज ॲब्सेंट’ असे लिहितो. इंग्रजीला एकच सांधा पुरतो. ‘बिकॉज’ घातला तर ‘देअरफोर’ नको. ‘देअरफोर’ हवा असेल तर आधीचे वाक्य पुरे करून नव्या वाक्यात तो घ्यावा. सरकारी अधिसूचनांतले ‘व्हेअरॲज’ आणि ‘नाऊ देअरफोर’ हे याला अपवाद. पण ती राजपत्राची भाषा झाली, रजेच्या अर्जाची नव्हे.

क्रमाचीही एक गोष्ट आहे. मराठी माणूस आधी कारण सांगतो. ‘आईची प्रकृती बिघडल्यामुळे, गावी दुसरे कोणी नसल्यामुळे, मला चार दिवसांची रजा मिळावी.’ इंग्रजीतही कारण आधी घालता येते. पण साध्या पत्रात मागणी किंवा घडलेली गोष्ट आधी आणि कारण मागाहून, असा प्रघात आहे. ‘आय रिक्वेस्ट फोर डेज लीव्ह, बिकॉज माय मदर इज इल.’ टेबलावर पन्नास अर्ज पडलेला कारकून पहिली ओळ वाचतो. त्या ओळीत आपले काम असावे.

आता ‘सिन्स’ आणि ‘ॲज’. शब्दकोशात यांचा अर्थ ‘कारण’ असाच सापडतो, पण ‘बिकॉज’हून यांची जात निराळी. ‘बिकॉज’ नवे कारण सांगतो. ‘सिन्स’ दोघांनाही आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीवर पाऊल ठेवून पुढे जातो. आपले ‘ज्याअर्थी’ तसेच आहे. ‘सिन्स टुमॉरो इज अ हॉलिडे, वुई शॅल मीट ऑन मंडे.’ उद्या सुट्टी आहे हे सर्वांना माहीत. यात वावगे काही नाही. पण आता हे वाचा : ‘सिन्स यू हॅव फेल्ड टू गिव्ह अ सॅटिसफॅक्टरी एक्स्प्लनेशन, यू आर हिअरबाय सस्पेंडेड.’ तुम्ही समाधानकारक खुलासा दिलेला नसल्याने तुम्हाला निलंबित करण्यात येत आहे. खुलासा समाधानकारक होता की नव्हता हाच तर वाद. आणि तो वाद ‘सिन्स’च्या पोटात घालून मिटलेला दाखवला आहे. अशा पत्राला उत्तर देताना निलंबनावर बोलण्याआधी ‘सिन्स’च्या आतल्या गोष्टीवर बोलावे. तिथे गप्प राहिलो तर ती आपण मानली, असे पुढे म्हणता येते. शिवाय ‘सिन्स’चा दुसरा अर्थ ‘तेव्हापासून’ असा आहे. ‘सिन्स द न्यू मॅनेजर केम, द बोनस हॅज स्टॉप्ड’ यात मॅनेजर आल्यापासून की मॅनेजरामुळे, हे कळत नाही. आरोप करायचा असेल तर ‘बिकॉज’ म्हणावे. काळच सांगायचा असेल तर तारीख घालावी.

यापुढची रीत सर्वांत सभ्य दिसते आणि आमच्या मते सर्वांत लबाड आहे. ‘ड्यू टू’, ‘ओइंग टू’, ‘ऑन अकाउंट ऑफ’, ‘फॉर वाँट ऑफ’ हे तिचे शब्द. जुने व्याकरणकार ‘ड्यू टू’ आणि ‘ओइंग टू’ यांत भेद करीत. आज दोन्ही एकाच अर्थी चालतात. महत्त्वाची गोष्ट ही की या सर्वांपुढे नाम येते, वाक्य येत नाही. वाक्य नाही म्हणजे क्रियापद नाही, क्रियापद नाही म्हणजे कर्ता सांगण्याची सक्ती नाही. ‘द ॲक्सिडेंट वॉज ड्यू टू नेग्लिजन्स.’ अपघात हयगयीमुळे झाला. कोणाच्या हयगयीमुळे? वाक्य मूग गिळून बसले आहे. हेच ‘बिकॉज’ने लिहायला घ्या. ‘द ॲक्सिडेंट हॅपन्ड बिकॉज’ इथवर आले की पुढे कोणीतरी कर्ता हवाच : बिकॉज द वर्कर रिमूव्ह्ड द गार्ड, की बिकॉज द कंपनी डिड नॉट रिपेअर द गार्ड? यंत्रावरची संरक्षक जाळी कामगाराने काढली, की कंपनीने दुरुस्त केली नाही? बोट कापले ते एकच. पण पहिल्या वाक्यात दोष कामगाराचा, दुसऱ्यात मालकाचा, आणि ‘ड्यू टू’च्या वाक्यात कोणाचाच नाही. यावरून आमचा दुसरा नियम : दुसऱ्याचा कागद वाचताना प्रत्येक ‘ड्यू टू’चा ‘बिकॉज’ करून पाहावा आणि विचारावे, कोणी केले? आपला कागद लिहिताना ‘बिकॉज’ने लिहावा आणि कर्त्याला नाव द्यावे.

हा रोग इंग्रजीचाच आहे असे मात्र समजू नये. ‘अपरिहार्य कारणास्तव आजचा प्रयोग रद्द.’ ‘तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा बंद राहील.’ या पाट्या आपण रोज वाचतो. कारण सांगितल्याचा आव आहे, आणि कारण मात्र कुठेच नाही.

आता उद्देशाकडे वळू. मराठीतला ‘म्हणून’ दोन कामे करतो. ‘पगार मिळाला नाही म्हणून आम्ही फाटकाशी जमलो.’ हे मागचे कारण. ‘पगार मिळावा म्हणून आम्ही फाटकाशी जमलो.’ हा पुढचा हेतू. शब्द तोच, फरक केवळ क्रियापदाच्या रूपात. इंग्रजीत शब्दच वेगळे : कारणाला ‘बिकॉज’, हेतूला ‘टू’, ‘इन ऑर्डर टू’ किंवा ‘सो दॅट’. हा फरक कारखान्यात महत्त्वाचा ठरतो. कामगार जमले, ही गोष्ट उभयपक्षी मान्य. कामगार लिहितात, ‘वुई असेंबल्ड बिकॉज द वेजेस वेअर नॉट पेड.’ आरोपपत्र लिहिते, ‘यू असेंबल्ड इन ऑर्डर टू थ्रेटन द मॅनेजर.’ मॅनेजरला धमकावण्यासाठी तुम्ही जमलात. पहिल्या वाक्यातले कारण तपासता येते. पगारपत्रक काढा आणि पाहा. दुसऱ्या वाक्यातला हेतू आमच्या मनात शिरून लिहिलेला आहे. असे वाक्य आले की नम्रपणे पण स्पष्ट विचारावे : हा हेतू कोणत्या कृतीवरून काढला? आणि आपणही दुसऱ्याविषयी ‘इन ऑर्डर टू’ लिहिताना तीच काळजी घ्यावी. मालकाच्या मनात काय होते हे आम्हालाही दिसत नाही. त्याने काय केले तेवढे दिसते.

अनेक कारणे सांगायची असतील तेव्हा ‘द रीझन इज दॅट’ ही रीत चांगली. येथे ‘द रीझन इज बिकॉज’ लिहू नये. कारणाचे कारण सांगितल्यासारखे होते. मागणीपत्रात ‘द फर्स्ट रीझन इज दॅट’, ‘द सेकंड रीझन इज दॅट’ अशी कारणे आकड्यांनी मांडावीत. पण भारंभार मांडू नयेत. तीन भक्कम कारणांना एक लंगडे चौथे जोडले, की वाटाघाटीच्या टेबलावर समोरचा पक्ष त्या चौथ्यालाच धरून बसतो, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे.

कोणी म्हणेल, शब्दांचा एवढा कीस कशाला? तर कायद्यातलेच उदाहरण देतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली कामगारकपातीची व्याख्या घालण्यात आली. शिस्तभंगाची शिक्षा सोडून, मालकाने कामगाराची नोकरी ‘फॉर एनी रीझन व्हॉटसोएव्हर’, म्हणजे कोणत्याही कारणाने, संपवली तर ती कपात, असे तिच्यात म्हटले होते. शब्द किती मोकळे! पुढे आमच्या बार्शी लाइट रेल्वेचा प्रश्न आला. १९५४ च्या आरंभी सरकारने ती रेल्वे कंपनीकडून घेतली आणि कंपनीने कामगारांच्या नोकऱ्या संपवल्या. ही कपात होय की नव्हे? सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५६ मध्ये सांगितले की कपात म्हणजे चालू धंद्यातले जास्तीचे कामगार कमी करणे. धंदाच बंद झाला किंवा हातचा गेला, तर ती कपात नव्हे. ‘कोणत्याही कारणाने’ हे शब्द होते, पण ते ‘कपात’ या शब्दाच्या कुंपणात राहिले. त्यानंतर १९५७ साली कायद्यात दुरुस्ती करून धंद्याचे हस्तांतर आणि धंदा बंद होणे यांसाठी भरपाईची वेगळी कलमे घालावी लागली.

पुढे १९७६ मध्ये स्टेट बँक विरुद्ध सुंदरा मनी या खटल्यात त्याच शब्दांचा अर्थ रुंद झाला. नेमणूकपत्रातच नोकरी संपण्याची तारीख लिहिलेली असली, तरी ते नोकरी संपवणेच, आणि कारण कोणतेही चालेल असे कायदा म्हणतो, असे न्यायालयाने धरले. १९८४ मध्ये मुदतीच्या कराराचा अपवाद कायद्यात घालण्यात आला. १९९० मध्ये घटनापीठाने सांगितले की व्याख्येत स्पष्टपणे वगळलेले प्रकार सोडले, तर कोणत्याही कारणाने नोकरी संपवणे ही कपातच. चार इंग्रजी शब्द, आणि त्यांचा अर्थ ठरायला सदतीस वर्षे!

ले-ऑफच्या व्याख्येतही तसेच. कोळसा, वीज, कच्चा माल यांची टंचाई, मालाचा साठा, यंत्राचा बिघाड अशी कारणे ‘ऑन अकाउंट ऑफ’ या शब्दांनी मांडून शेवटी ‘ऑर फॉर एनी अदर रीझन’, म्हणजे ‘किंवा अन्य कोणत्याही कारणाने’, अशी पुस्ती होती. १९८४ च्या दुरुस्तीने तिच्यात ‘कनेक्टेड’ हा एक शब्द घातला. आता अन्य कारणही आधीच्या कारणांशी संबंधित असावे लागते. एका विशेषणाने दार किती अरुंद झाले पाहा. १९४७ च्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. पण कपातीचे ‘फॉर एनी रीझन व्हॉटसोएव्हर’ आणि ले-ऑफचे ‘कनेक्टेड रीझन’ हे शब्द नव्या संहितेतही कायम आहेत. कपातीच्या महिन्याभराच्या नोटिशीत कारणे लिहिली पाहिजेत, हेही कायम आहे. तेव्हा ती कारणे वाचता येण्याची गरजही कायम आहे.

शेवटी एक खुलासा. हे सांगताना इंग्रजीचे स्तोम माजवावे असा आमचा हेतू नाही. जिथे मराठीतून उत्तर देता येते तिथे मराठीतूनच द्यावे. आपल्या भाषेत माणूस कमी चुकतो. पण कागद इंग्रजीत आला तर घाबरून कोणाच्याही हाती तो देऊ नये, अर्धे इंग्रजी येणाऱ्या पुढाऱ्याच्या हाती तर नाहीच. हे आम्ही स्वतःकडे बोट दाखवून बोलतो. घरी गेल्यावर एवढेच करून पाहावे. पाणीपट्टीची असो, बँकेची असो, कारखान्याची असो, एक नोटीस घ्यावी. तिच्यातली घडलेली गोष्ट एका बाजूला लिहावी, कारण दुसऱ्या बाजूला. गोष्ट आपल्याला मान्य आहे का, ते आधी पाहावे. मग कारणातला कर्ता शोधावा. तो सापडला नाही तर पेन्सिलीने तिथे एक प्रश्नचिन्ह काढावे. उत्तर लिहायला बसायचे ते त्यानंतर. आणि बसल्यावर छोटी वाक्ये लिहावीत, एका वाक्यात एकच गोष्ट.